पिचलेली अक्षरं

माणसं घाण साफ करून पोट भरतात, ही दोघं घाण करून भरतात, असं माझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. माझा नवरा अक्षरं बनवायचा. म्हणजे कंप्युटरवर निवडायला जे फॉन्ट असतात, ते. त्यातही गुळगुळीत, शहाणी, शाळेच्या पुस्तकातली अक्षरं नव्हेत. जुन्या टाइपरायटरवर अर्ध्या सुकलेल्या रिबिनीने कुणीतरी रागारागाने बडवल्यासारखी अक्षरं. कडा कुरतडलेल्या, पोटात शाई तुंबलेली, एक ओळीच्या वर उडालेलं तर शेजारचं खाली घसरलेलं. ती बनवायची त्याने आणि विकायची मी.

असल्या अक्षराला मागणी केवढी असते, हे धंद्यात पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. खुनाच्या सिनेमाचं पोस्टर असो, गुप्तहेराच्या कादंबरीचं कव्हर असो, मालिकेतल्या फायलीवरचा ‘गोपनीय’ शिक्का असो, हेच अक्षर लागतं. कॉफीच्या दुकानातल्या पाट्या, जॅमच्या बाटल्या, टी-शर्टवरची बंडखोर वाक्यं, कारखान्यात तयार होऊन ‘हातांनी बनवलेला’ म्हणून मिरवणारा साबण, सगळीकडे तेच. एका बाईंनी तर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी ह्या अक्षरात करून घेतली. कुत्रा काय वाचणार होता कोण जाणे. जिथे म्हणून काहीतरी जुनं, गुप्त नाहीतर खरं आहे असा आव आणायचा असतो, तिथे आमचं अक्षर धावून जातं. खरोखरच्या जुन्या, गुप्त आणि खऱ्या गोष्टी आपल्या साध्या अक्षरात कपाटात पडून असतात.

टाइपरायटर सासूबाईंचा. त्यांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून केली, आणि कचेरीने मशीनं भंगारात काढली तेव्हा आपलं मशीन त्या हट्टाने घरी घेऊन आल्या. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ब्रश आणि टाचणी घेऊन एकेका अक्षराच्या पोटातली वाळलेली शाई त्या कोरून काढत असत. मळकं अक्षर उमटलं की साहेब कागद टेबलावरून सरकवून द्यायचे, तोंडाने काही न बोलता, आणि तो अपमान बाईंना दिवसभर पुरायचा. अशा बाईच्या पोटच्या पोराने तेच मशीन मुद्दाम न पुसता ठेवावं, रिबीन उन्हात वाळवावी, आणि उमटलेली घाण भिंग लावून जपून उतरवून घ्यावी, म्हणजे तिच्या अंगाचा तिळपापड होणारच.

“बाबू, हे अक्षर भिकारी दिसतंय,” पहिला फॉन्ट बघून त्या म्हणाल्या होत्या.

“तसंच हवंय लोकांना, आई.”

“लोकांना काय, लोकांना काहीही हवं असतं.”

त्या फॉन्टचं नाव आम्ही ठेवलं ‘कचेरी’. तो बरा चालला. मग त्याची दुसरी आवृत्ती काढली, जास्त मळकी. सासूबाईंनी तिला दारुडी म्हटलं. ती पहिलीपेक्षा जास्त खपली.

काम दिसायला सोपं, पण करायला जीवघेणं. आधी मशीनवर प्रत्येक अक्षर पुन्हा पुन्हा मारायचं, कधी हलक्या हाताने, कधी ठोसा दिल्यासारखं. मग ते कागद स्कॅन करून स्क्रीनवर हाताएवढं मोठं करायचं आणि त्याच्या काठाकाठाने ठिपके ठेवत बाह्यरेषा ओढायची. प्रत्येक अक्षराचे तीन अवतार लागतात. एकाच शब्दात दोन ‘म’ आले आणि दोघांच्या अंगावर एकाच जागी एकच डाग निघाला, तर सोंग उघडं पडतं. म्हणून डागांचीही काळजी घ्यायची, कुठला कुणाचा ते. हा डावा डोळा मिटून काम करायचा, बंदूक रोखल्यासारखा, आणि उजवा डोळा स्क्रीनला टेकेल इतका जवळ न्यायचा. लहानपणापासून त्याचा चष्मा म्हणजे बाटलीचं बूड. “जवळचं मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं,” असं तो मला ऐकवायचा, आणि ते खरंच होतं. भाताच्या दाण्याएवढ्या डागाचे तो मला चार प्रकार समजावून सांगायचा. मी हो-हो करायची. मला एकच प्रकार दिसायचा, तो म्हणजे डाग.

तिसरी आवृत्ती मात्र रेंगाळली. आधी त्याने चष्म्याला दोष दिला. शर्टाच्या टोकाने काचा इतक्या पुसल्या की मी म्हटलं, अरे, भोक पडेल. मग म्हणाला, स्कॅनरच्या काचेवर काहीतरी बसलंय. ती पुसली. मग स्क्रीन बिघडला ठरला, म्हणून नवा स्क्रीन आणला. तरी प्रत्येक अक्षराच्या मधोमध एक मळभ दिसायचं आणि डोक्यावरची रेघ मध्येच उचलल्यासारखी वाटायची. शेवटी त्याने टाइपरायटरचं झाकण उघडून आत बॅटरी मारून बघितली आणि खूश होऊन बाहेर आला.

“मशीन मस्त झिजलंय,” तो म्हणाला. “रेघा अशा पिचल्यात ना, बघत राहावं.”

आम्ही दोघं हसलो. धंद्याला बरंच झालं, असं मी म्हटलंसुद्धा.

त्याने त्याच्या परीने काम चोख केलं. जिथे मळभ जास्त वाटलं तिथली शाई त्याने काढून टाकली, जिथे रेघ वर उचललेली वाटली तिथे ती बेताने खाली दाबली. पिचलेलं चालतं, पण वाचता आलं पाहिजे, हा त्याचा नियम. तयार झालेली आवृत्ती बघून मीही थक्क झाले. अक्षरं मधोमध पोकळ झाली होती, जणू रिबिनीचा जीव नेमका तिथेच गेला होता, आणि डोक्यावरच्या रेघा मध्ये खचलेल्या. नाव ठेवलं ‘कचेरी पडकी’.

सासूबाईंनी छापलेला नमुना खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला.

“बाबू, हे मळकं नाही. हे आजारी आहे.”

भिकारी झालं, दारुडं झालं, आता आजारी. आम्ही पुन्हा हसलो. आईची प्रगती चालू आहे, असं तो म्हणाला, आणि त्याही जरा हसल्या. पण नमुना त्यांनी टेबलावर ठेवला नाही. घडी घालून परत माझ्या हातात दिला.

‘पडकी’ अशी काही खपली की काय सांगावं. ज्यांनी आधी कधी आमचं नाव ऐकलं नव्हतं त्यांची पत्रं आली. पोस्टरं बनवणारा एक माणूस होता, आमचं जुनं गिऱ्हाईक, आम्ही त्याला पोस्टरवालाच म्हणायचो. त्याचा फोन आला. “वहिनी, बाकीचे लोक डाग चिकटवतात हो. ह्यात डाग आतून आलाय. काय नजर आहे साहेबांची!” मी ते जेवताना शब्दाला शब्द सांगितलं. नवऱ्याचं कौतुक मी फारसं करत नाही, डोक्यावर बसतो, पण त्या दिवशी केलं. त्याचा चेहरा एवढा फुलला होता की मला त्याच्याहून जास्त आनंद झाला. आज तो आनंद आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कुणावर रागवायचं तेच कळत नाही.

कारण आमचा धंदाच असा. सुताराने टेबल वाकडं केलं तर टेबल डुगडुगतं. शिंप्याने बाही आखूड शिवली तर गिऱ्हाईक दारात येऊन ओरडतं. आमच्याकडे रेघ वाकडी आली तर लोक टाळ्या वाजवतात. चूक पकडायला आमच्या घरात कुणी उरलंच नव्हतं. एक होत्या, त्यांना आम्ही हसण्यावारी नेलं.

पकडली गेली ती पोस्टरवाल्यामुळेच. पोस्टरच्या खाली बारीक अक्षरांत नावं असतात, त्या नावांसाठी त्याला ‘कचेरी’च्याच वळणाचं पण साधं, स्वच्छ अक्षर हवं होतं. डाग नाहीत, झीज नाही, मशीन कोरं असताना उमटेल तसं. एवढ्या वर्षांत कोणी आमच्याकडे स्वच्छ अक्षर मागितलं नव्हतं. सासूबाईंना तर कृतकृत्य झाल्यासारखं वाटलं. त्यांनी स्वतः मशीन उघडून ब्रश-टाचणीने साफ केलं, नवी रिबीन चढवली आणि मान ताठ ठेवून सगळी अक्षरं मारून दिली. कागद असा उमटला की त्यावर बोट फिरवावं.

चार-पाच दिवसांनी त्याने पहिली काही अक्षरं मला दाखवायला बोलावलं. मी बघितलं आणि मला वाटलं चुकून ‘पडकी’च उघडली आहे.

“हे नाही रे. नवं दाखव.”

“नवंच आहे.”

“मग रेघा का दाबल्यास? सरळ मागितलंय त्याने.”

“सरळच आहेत.”

“चेष्टा करू नकोस. मला दुसरी कामं आहेत.”

“अगं, सरळ आहेत!” तो चिडला. “पट्टी लावून बघ हवं तर.”

मी टेबलावरची स्टीलची पट्टी घेतली आणि स्क्रीनवर अक्षराच्या डोक्याशी धरली. दोन्ही टोकं रेघेला टेकत होती आणि मध्ये पट्टीखाली फट होती, बोटभर. मी पट्टी तशीच धरून ठेवली. तो एक डोळा मिटून जवळ आला, बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “तुझी पट्टी वाकडी आहे.”

मी पट्टीकडे बघितलं. स्टीलची पट्टी, कशी वाकणार? मी ती टेबलावर आडवी ठेवली. टेबलाला कुठेही फट न सोडता चिकटून बसली.

“वाकडी आहे,” तो म्हणाला. “मध्ये फुगलीय.”

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या, त्यांनी त्याचा चष्मा काढला, लहान मुलाचा काढतात तसा, आणि अगदी जवळ वाकून तळहाताने त्याचा डावा डोळा झाकला. “माझ्याकडे बघ. तोंड दिसतंय माझं?”

तो हसला. “दिसतंय की. कान दिसतायत, केस दिसतायत.”

“तोंड म्हटलं मी.”

त्याने चष्म्यासाठी हात पुढे केला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो नंबर बदलायला म्हणून आला. तेवढं कबूल करून घ्यायलाच आम्हाला दोन दिवस लागले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी त्याच्या हातात एक कागद दिला. बारीक चौकटी आखलेला, मध्ये एक ठिपका. डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा, म्हणाल्या.

ह्याने कागद घेतला, आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. “हे कुठे छापलंत?” त्याने विचारलं. “फार वेळा झेरॉक्स झालीय वाटतं. पण काय सुंदर पिचल्यात हो रेघा! मधली तर पार विरघळलीय. मला ह्याची एक प्रत मिळेल का?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या खांद्यावरून कागद बघितला. कोरा करकरीत कागद होता. एकूण एक रेघ सुतासारखी सरळ.

“काय झालं?” त्याने विचारलं. मला वाटतं, तेवढ्यात त्याला कळलं. त्याने कागद खाली ठेवला. ठेवताना तो टेबलाच्या कडेला लागून ठेवायचा प्रयत्न केला, आणि तो तिरका राहिला.

मग डोळ्यांत थेंब, काळोख्या खोलीतली मशीनं, हनुवटी इथे ठेवा, वर बघा, खाली बघा. थेंबांचा परिणाम होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. बाई आत जाताना विचारून गेल्या होत्या की रेघा अशा दिसायला लागून किती दिवस झाले, आणि ह्याला सांगता येत नव्हतं. आठवत नाही म्हणाला. मला मात्र एक गोष्ट सुचली. मी फोन काढला आणि तिन्ही आवृत्त्यांचे नमुने एकाखाली एक उघडले. पहिलीत सगळ्या घाणीखाली रेघ सरळ होती. दुसरीतही होती, निदान सुरुवातीच्या अक्षरांत. शेवटच्या पाच-सहांत मात्र मध्ये किंचित दबल्यासारखी. तिसरीत प्रत्येक अक्षर एकाच जागी खचलं होतं आणि एकाच जागी पोकळ होतं. प्रत्येक. डागांची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाने एकच डाग सगळ्यांच्या अंगावर मारला होता, आणि जगात एकालाही तो दिसला नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्याचा हात धरला. तो म्हणाला, “गर्दीत हात काय धरतेस?” मी म्हटलं, “गप बस.”

बाईंनी चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या आतला पडदा, त्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, शिवतो, माणसं ओळखतो. फार मोठ्या नंबरवाल्यांचा हा भाग ताणून ताणून पातळ होतो आणि तिथे नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात. सुरुवातीला रेघा वाकड्या दिसतात. तेव्हाच आलं तर इंजेक्शनाने थांबवता येतं.

“आणि आता?” मी विचारलं.

“उजव्या डोळ्यात व्रण झालाय. तिथे काही करण्यासारखं राहिलं नाही. डाव्यातही सुरू झालंय. त्यात इंजेक्शनं देऊन बघू. आहे ते टिकवायचा प्रयत्न, एवढंच म्हणता येईल.”

“तुम्हाला रेघा वाकड्या दिसल्या नाहीत का?” त्यांनी त्याला विचारलं. विचारण्यात दोष नव्हता, कोणीही विचारलं असतं.

“दिसल्या ना,” तो म्हणाला. “मला आवडल्या.”

घरी आल्यावर सासूबाईंनी आमचे चेहरे बघितले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसल्या. घासून ठेवलेलीच भांडी होती ती.

इंजेक्शन डोळ्यात देतात. तो माणूस दर महिन्याला जाऊन ते घेऊन यायचा आणि रिक्षात मला विनोद सांगायचा. सुई येताना दिसते का, असं मी विचारलं होतं, तर म्हणाला, “दिसते, पण मस्त पिचलेली.” मी रिक्षात रडले आणि त्याने ते बघितलं नाही. खरंच बघितलं नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी असायची, आणि नुसत्या उजव्याने शेजारी बसलेल्या बायकोचं तोंड त्याला दिसत नव्हतं.

डाव्या डोळ्याने काही महिने दम धरला. नंतर तिथेही रक्त आलं. बाई म्हणाल्या, व्हायला नको होतं, पण कधीकधी होतं. म्हणजे आता त्याला भिंती दिसायच्या, दारं दिसायची, जमिनीवर पडलेली चप्पल कडेकडेने दिसायची. पण ज्या गोष्टीकडे बघावं ती सोडून सगळं. जिकडे नजर न्यावी तिकडे त्याच्या आधी एक राखाडी डाग जाऊन बसायचा.

एके दिवशी दुपारी तो मला म्हणाला, “तिन्ही आवृत्त्या छापून भिंतीवर लाव.”

“कशाला? तुला…”

“लाव तर.”

मी मोठ्या कागदावर छापून लावल्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, मान तिरकी करून, पाखरासारखा.

“खरं सांग. सगळ्यात चांगली कुठली?”

मी धंद्यातली बाई आहे. काय खपतं आणि काय चांगलं आहे ह्यातला फरक मला कळतो, आणि कधीकधी दोन्ही एकच असतं तेही कळतं. “तिसरी,” मी म्हटलं.

“लोकही तेच म्हणतात.”

“हो.”

“ती मी केलीच नाही गं.” त्याचा आवाज अगदी साधा होता. “पहिल्या दोन मी केल्या. तिसरीत मी रेघा सरळ करत होतो. शाई नीट बसवत होतो. तुम्ही सगळे ज्याचं कौतुक करताय ते मी केलेलं नाही. मी केलं असतं तर ती दुसरीसारखीच झाली असती, बरी.”

“असं काही नसतं. तुझाच हात होता.”

“हात माझा होता,” तो म्हणाला. “ती विकायची बंद कर.”

मी केली नाही. आता ते सांगायला मला लाजही वाटत नाही. औषधाला पैसे कुठून आणायचे होते? ज्या दुखण्याने त्याचे डोळे खाल्ले, त्यातूनच आलेल्या ‘पडकी’च्या जिवावर आम्ही जगत होतो. मी त्याला बंद केली म्हणून सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात पोस्टरवाल्याचा फोन आला. त्याला चौथी हवी होती. “‘पडकी’च्याही पुढची, वहिनी. पार शेवटची अवस्था म्हणा ना. साहेबांना सांगा, मनाला येईल तेवढं मोडा.”

मी नाही म्हणणार होते. त्या माणसाला चार शब्द सुनावणारही होते. पण फोन स्पीकरवर होता, आणि हा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. “करतो म्हणावं,” तो म्हणाला.

सासूबाईंनी हात टेकले, मी भांडून पाहिलं. अरे, कशाला छळतोस स्वतःला? “मी डागाच्या बाजूने बघायला शिकलोय,” तो म्हणाला. “डॉक्टरच म्हणाल्या, कडेने बघायची सवय होते. अक्षर एवढं मोठं केलं की कळतं मला. ह्या वेळी मी स्वतः मोडणार आहे. माझ्या मनाने. एक तरी माझ्या हातची चांगली होऊ दे.” मी त्याला सगळं मांडून दिलं. स्क्रीन खिडकीपासून दूर, दिवा मागे, अक्षर स्क्रीनभर, माउस हाताशी. फाइल उघडायची आणि बंद करायची मी. मधलं सगळं त्याचं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्याही. दुपारी तो उठायचा तेव्हा शर्ट घामाने भिजलेला असायचा आणि स्क्रीनवर ‘अ’ची लक्तरं झालेली असायची, मुद्दाम फाडलेली नव्हेत, चुकून फाटलेली. रात्री मी ते पुसून पुन्हा मूळ अक्षर लावून ठेवत होते.

मग एका सकाळी, मी बाहेर कपडे वाळत घालत असताना, त्याने मोठ्याने हाक मारली.

“अगं! ये, ये इकडे लवकर! आज दिसतोय!”

मी हातातला टॉवेल तसाच टाकून धावले. खोटं कशाला बोलू, त्या चार पावलांत मी सगळं मागून घेतलं. होत असेल. डॉक्टर काय देव आहेत? त्यांना सगळं थोडंच कळतं? होत असेल काहीतरी.

तो खुर्चीत पुढे वाकून बसला होता. कितीतरी महिन्यांनी त्याची पाठ पूर्वीसारखी झाली होती, कामात बुडालेल्या माणसाची. हात माउसवर अगदी सावकाश, अगदी बेताने सरकत होता, कुठेही न अडखळता.

“‘क’,” तो म्हणाला. “सकाळपासून ह्याच्यावर आहे. गाठ बघ कशी भरलीय शाईने. डावी कड मी जरा खाल्लीय. किंचित हलतो मध्येच, पण दिसतोय. अख्खा दिसतोय मला.”

मी स्क्रीनकडे बघितलं. चौकट रिकामी होती.

पांढरी, चारी बाजूंनी रेघ असलेली, आत काहीही नसलेली चौकट. केव्हातरी चुकीच्या बटणावर बोट पडून अक्षर पुसलं गेलं असणार. आणि त्या पांढऱ्यावर त्याच्या डोळ्यातला तो राखाडी डाग बरोबर मधोमध जाऊन बसला होता. सकाळपासून तो त्यालाच कोरत होता.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी स्क्रीन बघितला, आणि माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांच्या खुणा उठल्या.

“बोल ना,” तो म्हणाला. तोंडभर हसत होता. “फार नाही ना मोडला?”

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर आहे.”

“वाचता येतोय ना?”

“येतोय.”

“मग सेव्ह कर, आणि पुढचं अक्षर दे.”

मी ती चौकट सेव्ह केली, आणि त्याच्यापुढे ‘ख’ उघडून दिला.